गावाहून मुंबईत आलात? शहरातल्या निसर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीतला. २००१ साली कामासाठी मुंबईत आलो आणि तेव्हापासून भांडुपला राहतो. दर वर्षी गावचं कोणी ना कोणी नव्यानं इकडे येतं. पोरं नोकरीला येतात, मुली लग्न होऊन येतात, आणि हल्ली म्हातारी माणसंही मुलांकडे राहायला येतात. चार-सहा महिने गेले की त्यांचे फोन सुरू होतात. नोकरी लागली, खोली मिळाली, पण जीव गुदमरतो म्हणतात. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं कोकणातल्या माणसाची आहेत. घाटावरून आलेल्यांना भरती-ओहोटीचा भाग नवा वाटेल, पण तोही समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत खरंच निसर्ग उरला आहे का?

उरला आहे, आणि भरपूर आहे. भांडुप स्टेशनच्या पुलावर उभे राहा. पश्चिमेला डोंगर दिसतो, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध आहे. विहार आणि तुळशी हे तलाव त्याच डोंगरांत आहेत. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली, आणि त्यांचं पाणी मुंबई आजही पिते. त्याच पुलावरून पूर्वेला वळलात की ठाण्याची खाडी आहे. तिथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ साली ही खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये तिची गणना झाली. उरलेल्या बाजूला समुद्र आहेच.

डोंगर, खाडी आणि समुद्र या तिन्ही गोष्टी आपल्या गावातही आहेत. झाडंही बरीचशी तीच आहेत. राष्ट्रीय उद्यानात कारवी आहे. जिच्या काठ्यांनी आपल्याकडे कुडाच्या भिंती होत, तीच ही कारवी. सात-आठ वर्षांतून एकदा ती एकदम फुलते आणि डोंगर जांभळा होतो.

उद्यानात दोन-तीनदा जाऊन आलो. छान वाटलं, पण गावासारखं वाटलं नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझी स्वतःची पहिली पाच-सहा वर्षं याच्यात गेली.

गावात आपण निसर्ग बघायला कधीच जात नव्हतो. आपलं त्याच्याशी काम पडायचं. पातेरा गोळा करायला जायचो, म्हणून कुठल्या झाडाची पानं कधी गळतात ते माहीत होतं. गुरं शोधायला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी माळावर जायचो, म्हणून सडा पायाखालचा होता. कालवं काढायची तर ओहोटी कधी लागते ते कळायलाच हवं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पावसाआधी उतरवायचे, म्हणून मे महिन्यात ढगांकडे लक्ष. आजी आभाळाकडे बघून वाळवण आत घ्यायची. सौंदर्य म्हणून ती तिकडे बघत नव्हती, पण आभाळ तिला पाठ होतं.

शहरात आलो की आपण एकदम पाहुणे होतो. रविवारी तिकीट काढतो, फिरतो, फोटो काढतो आणि परत येतो. पाहुण्याला घर आपलं कसं वाटणार? म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. फिरायला जागा शोधू नका, काम शोधा. ज्याच्यासाठी तुम्हाला झाडाकडे, पाण्याकडे, आभाळाकडे परत परत जावं लागेल असं काहीतरी लहानसं काम स्वतःला लावून घ्या. खालची बरीच उत्तरं त्या कामांचीच आहेत.

मग सुरुवात कुठल्या कामानं करू?

घर आणि स्टेशन यांच्या वाटेवरचं एक झाड निवडा. एकच. रोज जाता-येता त्याच्याकडे बघा आणि काही बदललं की वहीत तारीख टाका. 'नवी पालवी', 'पहिलं फूल', 'कावळ्यानं काडी आणली' एवढं लिहिलं तरी पुरे.

माझं झाड काटेसावर आहे. डिसेंबरात तिची पानं गळतात. जानेवारीच्या अखेरीस, एकही पान नसताना, मोठी लाल फुलं येतात. मग सकाळी त्या झाडावर बाजार भरतो. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, खारी, सगळे मधासाठी येतात. एप्रिल-मेमध्ये बोंडं उकलतात आणि कापूस रस्त्यावर उडतो. पावसाच्या तोंडावर झाड पुन्हा हिरवंगार. माझ्याकडे अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. एका वर्षी फुलं उशिरा आली तेव्हा घरातलं माणूस वेळेवर परतलं नाही की जशी काळजी वाटते तशी वाटली. त्या दिवशी मला कळलं की हे शहर आता मला परकं नाही.

काटेसावर नसली तरी हरकत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर बहावा आहे, तो एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो. ताम्हण आहे. आपल्या राज्याचं फूल ते, आणि तेही उन्हाळ्यातच फुलतं. सोनमोहराच्या पाकळ्यांचा पिवळा सडा पावसाळ्याच्या आधी फुटपाथवर पडतो. ऑक्टोबरच्या आसपास संध्याकाळी उग्र गोडसर वास आला तर वर बघा, सातविण फुललेली असेल. बकुळ तर सोसायट्यांच्या आवारातही सापडते.

समुद्रावर गेलो, पण नुसती वाळू, गर्दी आणि भेळेच्या गाड्या. काय बघायचं?

तुम्ही भरतीला गेला असाल, नाहीतर संध्याकाळी गर्दीच्या वेळी. समुद्राकडे जायची वेळ सुट्टीनं ठरत नाही, तिथीनं ठरते. हे आपल्या खाडीकाठच्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे, आपण इथे येऊन विसरतो.

जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, फोनवर सहज मिळतं.

आता आणखी एक गोष्ट. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. दोन्ही गोष्टी जोडा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, आणि उधाण अजून ओसरलेलं नसतं. तृतीयेला ओहोटी सव्वाआठच्या आसपास. हिवाळ्यातल्या द्वितीया-तृतीयेच्या सकाळी खडकाळ किनाऱ्यावर जा. बांद्र्याचा कार्टर रोड, गिरगाव, जुहूचा खडकाळ भाग, कुठेही चालेल.

तिथे खळग्यांत साचलेल्या पाण्यापाशी दहा मिनिटं न हलता बसा. आधी काही दिसत नाही. मग एखादा शंख चालू लागतो, कारण आत खेकडा आहे. खडकाला चिकटलेलं फूल बोट जवळ नेताच मिटतं, ते फूल नसून समुद्रफूल नावाचा प्राणी आहे. कालवं तर तुम्ही ओळखालच. चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. मुंबईत निवट्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हललो नव्हतो.

'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा गट २०१७ पासून या किनाऱ्यांवर लोकांना सोबत घेऊन फिरतो आणि काय दिसलं ते समजावून सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्यांच्याबरोबर जावं. एकटे गेलात तर शेवाळावर पाय जपून ठेवा, अनवाणी जाऊ नका, उचललेला दगड होता तसाच परत ठेवा आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरा. पावसाळ्यात खडकांवर जायचंच नाही.

रोहित पक्षी कुठे आणि कधी दिसतात?

पुस्तकात रोहित किंवा अग्निपंख, लोकांच्या तोंडी फ्लेमिंगो. साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत ते ठाण्याच्या खाडीत असतात. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीनं खाडीत नेतात. बोटीची वेळही भरतीवर ठरते, त्यामुळे आधी चौकशी करून नोंदणी करा. नव्या मुंबईत सीवूड्सच्या बाजूला पाणथळ जागांवरून चालत जाऊनही थवे दिसतात.

बोटीत बसलात की फक्त गुलाबी थव्यांकडे बघू नका. दोन्ही बाजूंचं कांदळवन बघा. तिवर, कांदळ, चिप्पी, ही सगळी आपल्या खाडीतलीच झाडं आहेत. त्यातली पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. गावात आपण तिवराची काठी सहज तोडायचो, आता त्याला हात लावणं गुन्हा आहे. आणि ते योग्यच आहे.

आठवड्याला एकच सुट्टी, रोज दोन तास लोकलमध्ये. वेळ कुठून आणू?

लोकलमधूनच. हार्बरवर मानखुर्द ते वाशी खाडीपूल, पश्चिमेला भाईंदर ते नायगाव, या पट्ट्यांत फोन खाली ठेवा. पाणी चढलेलं आहे की उतरलेलं, ते बघा. चिखल उघडा असेल तर बगळे, शराटी आणि थंडीत लहान पाणपक्ष्यांचे थवे. हिवाळ्यात पांढरे कुरव येतात. त्यांना गाडीतून किंवा जेट्टीवरून शेव-गाठी टाकू नका, ते त्यांचं अन्न नव्हे.

सकाळची पहिली पाळी असेल तर आणखी बरं. मार्च ते जूनमध्ये, गाड्यांचा आवाज सुरू होण्याआधी, दयाळ गातो. काळा-पांढरा, शेपटी वर केलेला लहानसा पक्षी, बहुधा डिशच्या छत्रीवर किंवा तारेवर बसलेला. एवढ्याशा अंगातून एवढं लांब गाणं कसं येतं याचं मला अजून नवल वाटतं.

पुस्तकातली नावं वेगळी, आमच्या गावची वेगळी. कुठली बरोबर?

दोन्ही. भारद्वाजाला आम्ही कुकुडकोंबा म्हणतो, कंटोलीला फागलं. शहरात येऊन ही नावं बोलायची लाज वाटू देऊ नका. पुस्तकी नाव शिकून घ्या, कारण माहिती त्या नावानं मिळते, पण गावचं नाव मुलांना आधी शिकवा. पक्ष्यांचे आवाज ओळखायला मर्लिन नावाचं ॲप मदत करतं. तरी पावशाचा 'पेरते व्हा' ऐकायला तुम्हाला ॲप लागणार नाही.

पावसाळ्यात रानभाजी मिळते का?

मिळते, आणि हे शहरातलं माझं सगळ्यात आवडतं काम आहे. जून लागला की पालघर, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या गाडीनं भाजी घेऊन येतात. विरार, वसई, बोरिवली, ठाणे, कल्याण, दादर, कुठल्याही स्टेशनबाहेर सकाळी लवकर बघा. टोपलीऐवजी फडक्यावर लहान लहान जुड्या मांडलेल्या असतील तर थांबा.

आधी शेवळं येतात, ती थोडेच दिवस. त्यांच्याबरोबर काकडं नावाची आंबट हिरवी फळं घ्यायलाच हवीत, त्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. विकणारी बाई बहुधा स्वतःहूनच देते. मग कोवळा टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू. भारंगीचा पाला उकडून पाणी टाकून द्यायचा, नाहीतर कडू लागतो. पुढे कंटोली. भाजी निवडायला बसलात की तासभर जातो, आणि तो तास मी कोणालाही देत नाही. मातीचा वास हाताला राहतो.

घासाघीस करू नका. त्या बाईनं डोंगर चढून ती खुडली आहे. कुठल्या डोंगरावरची, कशी करायची, ते मात्र जरूर विचारा. भाजीएवढीच ती माहिती मोलाची आहे.

आणि एक इशारा. रेल्वेरुळांच्या कडेला, नाल्याकाठी टाकळा भरपूर उगवतो. तो खुडू नका. त्या जमिनीत आणि पाण्यात काय मिसळलेलं असतं ते दिसत नाही.

खोलीला एकच खिडकी आहे. झाडं लावता येतील का?

दोन-तीन तास ऊन येत असेल तर ओवा, गवती चहा आणि जुन्या बादलीत अळू लावा. ऊन जास्त असेल तर कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप. लिंबाची पानं कोणीतरी कुरतडतंय असं दिसलं तर औषध मारू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी असेल, ती पुढे हिरवी होते, कोषात जाते आणि तीन-चार आठवड्यांत फुलपाखरू होऊन उडते. चाळीच्या गॅलरीतही हे होतं. माझ्या शेजारच्या तीन मुलांनी शाळेला उशीर करून ते बघितलं आहे.

मुलं शहरातच जन्मलेली, चिखलाला हातही लावत नाहीत. त्यांना कुठे नेऊ?

सायन-धारावीच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीच्या काठची ही ३७ एकरांची जागा एके काळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती. त्या कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान खुलं झालं. आज तिथे दाट सावली आहे. मुलांना हे मुद्दाम सांगा, पायाखाली काय होतं ते. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, आणि ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग. ओरडू नका, घाई करू नका, कपडे मळू द्या.

आईला गावाहून आणलंय. तिचं मन रमत नाही. काय करू?

माझ्या वडिलांनंतर आईला मी इकडे आणलं. पहिले दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी तिला बागेत नेलं, देवळात नेलं, चौपाटीवर नेलं. ती येई आणि गप्प बसे. मी तिला दाखवत होतो, तिथेच माझं चुकत होतं.

गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात गेलो. तेरड्याच्या जुड्या विकायला होत्या. आईनं एक जुडी हातात घेतली, मुळं बघितली आणि विकणाऱ्या बाईला म्हणाली, "सकाळचोच दिसता. खय गावलो गो?" ती बाई म्हणाली, इथल्याच डोंगरावरचा. दोघी अर्धा तास बोलत उभ्या होत्या. पुढच्या रविवारी आई स्वतःहून म्हणाली, चल, बघून येऊ. डोंगराच्या पायथ्याला तेरडा होता. तिनं मला आणखी कितीतरी रोपं नावांनी सांगितली, त्यातली निम्मी मी विसरलो होतो. परत आल्यावर तिनं चाळीतल्या मुलांना गोळा करून तेरड्याची पिकलेली बोंडं फोडायला शिकवलं. बोट लावलं की बी उडतं.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांना फिरायला नेऊ नका, विचारायला न्या. "हे कुठलं झाड?" असं खरंच माहीत नसल्यासारखं विचारा. भायखळ्याची राणीची बाग यासाठी उत्तम आहे. सपाट रस्ते, बसायला बाकडी, आणि प्राण्यांपेक्षा मोलाची जुनी झाडं. बाग १८६० च्या दशकातली आहे. तिथली उर्वशी फुललेली असताना गेलात तर तुमचं नशीब. बुधवारी बाग बंद असते, आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी.

जंगलाच्या कडेला राहतो. बिबट्या आणि सापांची भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण ती आपल्याला नवी नाही. गावातही वाडीच्या मागे वाघरू फिरायचंच. राष्ट्रीय उद्यानात आणि गोरेगावच्या आरे कॉलनीत वारली लोकांचे पाडे आहेत. ते वाघोबाला पुजतात आणि बिबट्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

काळोख पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका. उघड्यावर शौचाला किंवा फोनवर बोलायला अंधारात खाली बसू नका, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. रात्री चालताना सोबत ठेवा, बोलत चला, बॅटरी लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कचरा उघडा टाकू नका. कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. बिबट्या किंवा साप घराजवळ दिसला तर गर्दी करू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा. साप मारू नका.

रस्त्यावरचं झाड कोणी तोडत असेल तर?

आधी परवानगीचा कागद मागा. १९७५ च्या कायद्यानुसार शहरात खासगी जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. ५० वर्षांहून जुन्या झाडाला २०२१ पासून वारसा वृक्षाचा दर्जा आहे. कागद नसेल तर फोटो काढा आणि महापालिकेला १९१६ वर कळवा. भांडू नका, पण तिथून हलूही नका. माणूस उभं आहे हे दिसलं तरी पुष्कळ वेळा कुऱ्हाड थांबते.

काजवे? चांदण्या? मिट्ट काळोख?

ते इथे मिळत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या किंवा आरेच्या आतल्या भागात पावसाच्या तोंडावर थोडे काजवे दिसतात, पण गावच्या परसातला, अख्खं झाड लुकलुकणारा देखावा नाही. आभाळात मोठे तारे आणि ग्रह तेवढे दिसतात. याला पर्याय शोधत बसू नका. मे अखेरीस चार दिवस रजा काढून गावी जा आणि घरातले दिवे मालवून पडवीत बसा. जाताना पनवेल सुटलं की कर्नाळ्याचं जंगल लागतं, तिथे एसटीची खिडकी उघडी ठेवा.

कुठल्या महिन्यात सुरुवात करावी?

आज जो महिना चालू आहे त्यात. जून असेल तर पहाटे स्टेशनबाहेर शेवळं शोधा. भाद्रपद असेल तर तेरडा. ऑक्टोबरात सातविणीचा वास घ्या आणि धोबी पक्षी आला का ते गच्चीवर बघा, शेपूट सारखी हलवत चालतो. थंडीत द्वितीयेची सकाळ गाठून किनाऱ्यावर जा. फेब्रुवारीत काटेसावर. मार्चमध्ये कुरव परतायला लागतात. मागच्या वर्षी वाशीच्या पुलावरून मला शेवटचा थवा कधी दिसला ते वहीत लिहिलेलं आहे, आणि यंदा त्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून मी खिडकीची जागा धरणार आहे.